स्वेनबोर्ग आणि टोसिंगे : डेन्मार्कच्या दक्षिण किनाऱ्यावर एक दिवस कसा काढावा

डेन्मार्कला आलेला प्रत्येक मराठी पाहुणा कोपनहेगनच्या जलपरीच्या पुतळ्यासमोर उभा राहून एकच प्रश्न विचारतो, "एवढीशीच?" त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना स्वेनबोर्गला न्यायचं, हे आमच्या घरी आता ठरून गेलं आहे. आम्ही ओडेन्सेत राहतो. आई-बाबा, सासरची मंडळी, नवऱ्याचे मित्र, आणि गेल्या वर्षी रत्नागिरीहून आलेली माझी आत्या, अशा सगळ्यांना घेऊन ही फेरी इतक्यांदा झाली आहे की कुठे घाई करायची आणि कुठे बूड टेकायचं, हे आता पाठ झालंय. तेच इथे क्रमाने लिहिते.

आधी भूगोल. डेन्मार्कच्या मधोमध फ्युन नावाचं मोठं बेट आहे. ओडेन्से त्याच्या पोटात आणि स्वेनबोर्ग दक्षिण किनाऱ्यावर. स्वेनबोर्गसमोर एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे आणि तिच्या पलीकडे टोसिंगे बेट. आजूबाजूला लहानमोठी मिळून ५५ बेटं विखुरली आहेत. हिमयुगात बर्फाने घडवलेल्या या टेकड्या. नंतर समुद्र चढला, सखल भाग बुडाला आणि माथे तेवढे बेटं म्हणून वर राहिले. २०२४ साली युनेस्कोने या सगळ्या परिसराला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला.

नकाशा उघडला की हाव सुटते. एरो, लांगेलान, थुरो, सगळंच हाताशी दिसतं. एका दिवसात हे सगळं करू नका. एरोला जाणारी मोठी फेरीबोट स्वेनबोर्गहूनच सुटते, पण एका बाजूलाच सव्वा तास लागतो, आणि तिथल्या एरोस्कोबिंग गावाच्या गल्ल्यांसाठी वेगळा दिवस काढायला हवा. लांगेलानही पुढच्या वेळी. एका दिवसात एक गाव आणि एक बेट, म्हणजे स्वेनबोर्ग आणि टोसिंगे, एवढंच धरा.

दिवस निवडताना

मे ते सप्टेंबर हा काळ धरा. कारण फक्त हवामानाचं नाही. या फेरीचा जीव आहे 'हेल्गे' नावाची जुनी प्रवासी बोट, आणि ती उन्हाळ्याच्या हंगामातच चालते. तिचं त्या वर्षीचं वेळापत्रक आधी पाहा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा, उलटं करू नका. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतीची घाई नसते. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो, तेव्हा हा बेत करण्यात अर्थ नाही.

रविवार टाळता आला तर टाळा. रविवारी बेटावरच्या बस विरळ होतात. हा धडा आम्ही चालत शिकलो, त्याबद्दल पुढे सांगते.

कपड्यांच्या बाबतीत एकच सांगणं. ऊन कितीही लख्ख असलं तरी वारा अडवणारं जाकीट प्रत्येकाने घ्यायचं. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे उकाडा. इथे ऑगस्टमध्येही बोटीच्या डेकवर कानाला वारं झोंबतं. आत्याने तर थेट माकडटोपीच काढली होती.

गाडी आणि तिकीट

कोपनहेगनहून येत असाल तर आधी ओडेन्से, सव्वा ते दीड तास. तिथे गाडी बदलून स्वेनबोर्ग, साधारण पाऊण तास. म्हणजे जाऊन-येऊन पाच तास गाडीत जातील, त्यामुळे सकाळी सातच्या आसपास निघायला हवं. ओडेन्सेत एक मुक्काम करता आला तर दिवस खूप सुटसुटीत होतो.

लांब पल्ल्याचं तिकीट आगाऊ काढलं तर 'ऑरेंज' नावाचं स्वस्त तिकीट मिळू शकतं. मात्र ते ठरलेल्या गाडीलाच चालतं, गाडी चुकली की तिकीट वाया. म्हणून मी जातानाचं ऑरेंज काढते आणि येतानाचं साधं. गाड्या, बस आणि बोटी कशा जोडायच्या, यासाठी 'रायसेप्लानेन' हे अ‍ॅप फोनवर घ्या. बसचे नंबर मी मुद्दाम देत नाही, ते बदलत राहतात.

डब्यावर 'स्टिलेझोन' लिहिलेलं दिसलं तर तिथे बसू नका. तो शांततेचा डबा. आमच्या मंडळींनी एकदा तिथेच धपाट्यांचा डबा उघडला आणि लग्नाच्या याद्या सुरू केल्या. समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट वर करून पाटी दाखवली.

कोपनहेगनहून येताना कोर्सोर स्टेशननंतर खिडकी सोडू नका. गाडी आधी समुद्राखालच्या आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते, स्प्रोगो नावाच्या चिमुकल्या बेटावर वर येते आणि लगेच साडेसहा किलोमीटर लांबीच्या पुलावर चढते. गाड्या इथून १९९७ पासून धावतात. त्याआधी अख्खी आगगाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे नेत.

सकाळ स्वेनबोर्गमध्ये

स्वेनबोर्गचं स्टेशन बंदराला लागूनच आहे. उतरलात की आधी धक्क्यावर जा, हेल्गेची वेळ पाटीवर पुन्हा वाचून घ्या, मग गावात शिरा. गाव चढावर आहे आणि गल्ल्या दगडी, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी चढ हळूहळू चढावा.

गाव जुनं, १२५३ साली व्यापारी शहराची सनद मिळालेलं. लाकडी सांगाड्याचं 'आने वीदेस गोर' हे १५६० चं घर आणि त्यामागच्या दोन चर्च, एवढं बघायला अर्धा तास पुरतो. वेळ असेल तर मी एका ठिकाणी मात्र आग्रहाने नेते. गावात १८७२ साली बांधलेलं जुनं गरीबगृह आहे. निराधार, म्हातारे, दारुडे, एकट्या पडलेल्या बाया यांना तिथे ठेवत, आणि धडधाकट असतील त्यांच्याकडून दगड फोडून घेत. हे गरीबगृह १९७४ पर्यंत चालू होतं. आज तिथे समाजकल्याणाचं संग्रहालय आहे. डेन्मार्क म्हणजे पहिल्यापासून सगळं आलबेल, असं मनात घेऊन येणाऱ्यांनी ते पाहावंच. उघडण्याच्या वेळा आधी बघा, ते सगळे दिवस उघडं नसतं.

बंदरावर उभं राहिलं की उरण-पनवेलच्या लोकांना एक ओळखीची गोष्ट सांगता येते. न्हावा-शेवाच्या रस्त्याला ट्रेलरवरून जाणारे निळ्या चौकोनातल्या सात टोकांच्या पांढऱ्या ताऱ्याचे कंटेनर आठवा. ती मर्स्क कंपनी १९०४ साली याच गावात सुरू झाली, बोटीचे कप्तान पीटर मर्स्क म्योलर आणि त्यांचा मुलगा यांनी काढलेली 'आगबोट कंपनी स्वेनबोर्ग' म्हणून. तारा त्याहून जुना. बायको आना बोटीवर आजारी पडली असताना कप्तानांनी देवाची करुणा भाकली होती. ती बरी झाल्यावर त्याची खूण म्हणून १८८६ साली आपल्या 'लाउरा' बोटीच्या धुराड्यावर त्यांनी तो लावला. आत्याला ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे नवसाचा तारा," ती म्हणाली.

नाटकवाल्यांसाठी आणखी एक. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतून पळालेला बर्टोल्ट ब्रेख्त १९३३ ते १९३९ या काळात गावाच्या पश्चिमेला स्कोव्स्बोस्ट्रान इथल्या शाकारलेल्या घरात राहत होता. ज्याच्या नाटकावरून पु. लं.नी 'तीन पैशाचा तमाशा' केला, तोच हा. गॅलिलिओवरचं नाटक त्याने इथे असतानाच लिहिलं. घर आजही उभं आहे, पण आत संग्रहालय नाही. खास वेड असेल तरच वाट वाकडी करा.

खाणं आणि सुट्टे पैसे

बोटीवर चढण्याआधी गावातच पोटाची सोय करा. बेटावर खाण्याच्या जागा मोजक्या आणि हंगामी आहेत.

बेकरीत 'ब्रुन्सविअर' मागा. ही फ्युनची खासियत. यीस्टने फुगवलेल्या मऊ पिठाची जाड पोळी परातीत पसरतात, बोटांनी तिच्यात खळगे पाडतात आणि वरून लोणी व तांबूस साखरेचं मिश्रण ओतून भाजतात. खळग्यांत ते पाकासारखं साचतं. कोपऱ्याचा तुकडा कडक, मधला लुसलुशीत. मी मधला घेते. चव गूळ-तूप-पोळीच्या जवळ जाते, त्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी कुरकुर न करता खातात.

शाकाहारी लोकांसाठी राय (rye) नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, किंवा 'र्‍यूगेओस्ट' म्हणजे धुरावलेलं ताजं चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात. हेही फ्युनचंच. अंड्याचं आणि माशाचं आधी विचारून घ्या, मेयोनीज सगळीकडे असतं. मासे खाणाऱ्यांनी धुरावलेली हेरिंग घ्यावी. आत्याचा शेरा : "आमच्या सुक्या बांगड्याची सर नाही, पण काटे कमी." पाणी विकत घेऊ नका, नळाचं थेट प्यायचं असतं.

सगळीकडे कार्ड चालतं. तरी दहा आणि वीस क्रोनरची थोडी नाणी खिशात ठेवा. कारण बेटावर रस्त्याकडेला घरांपुढे छोटे मांडव असतात. त्यात बटाटे, स्ट्रॉबेरी, मुरंबा, अंडी ठेवलेली, बाजूला किंमत आणि पैशांचा डबा. विकायला कोणी बसलेलं नसतं. इथली माणसं फोनवरून मोबाइल-पेने पैसे देतात, पण ते डॅनिश बँकखात्याशी जोडलेलं असतं, पाहुण्यांना वापरता येत नाही. डब्यात नाणीच टाकावी लागतात. एक, दोन आणि पाच क्रोनरच्या नाण्यांना मधोमध भोक असतं. बाबांना आपला जुना भोकाचा पैसा आठवला आणि त्यांनी तीन नाणी परत नेण्यासाठी बाजूला काढली.

पाण्याने पलीकडे

आता हेल्गे. १९२४ सालची बोट, पांढरी, लहानशी, लाकडी बाकांची. आत केबिन आहे, पण वारा सोसत असेल तर वरच बसा. ती सामुद्रधुनीत या काठावरून त्या काठावर नागमोडी जात थांबे घेते : विंडेब्यूओर, क्रिस्टियान्समिने, ट्रोएन्से, थुरो बेटावरचं ग्रास्टेन आणि शेवटी वाल्डेमारचा वाडा. शेवटच्या थांब्यापर्यंत साधारण तास लागतो. गर्दीच्या दिवशी वीस मिनिटं आधी रांगेत उभं राहा. सायकल न्यायची असेल तर जागा आहे का ते चढण्याआधी विचारा.

कोकणातल्या माणसाला इथे एक चुटपुट लागते. आत्या पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ओहोटी कधी लागते गं इथे?" मी सांगितलं, भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्याने. तिला ते पटेना. धक्क्याच्या खांबांवर कालवांची, शेवाळाची रेघ किती उंचावर आहे, ते तिने वाकून पाहिलं. रेघ पाण्याच्या वीतभरच वर होती. "मग हा समुद्र कसला, तळंच म्हणायचं," असं म्हणून तिने विषय संपवला. पण तळं समजून पोहायला उतरू नका. सामुद्रधुनीत प्रवाह जोराचा असतो. पोहायचंच तर क्रिस्टियान्समिनेच्या किनाऱ्यावर, काठाजवळ.

ट्रोएन्से : इथे वेळ घालवा

ट्रोएन्सेला उतरा. शेवटपर्यंत बोटीने जाऊन परत फिरण्यापेक्षा इथे उतरून वाड्यापर्यंत चालणं केव्हाही चांगलं.

ट्रोएन्से हे शिडाच्या जहाजांच्या काळातलं कप्तानांचं आणि खलाशांचं गाव. ग्रोनेगाद आणि बाद्स्टुएन या दोन गल्ल्या म्हणजे गावाचा गाभा. लाकडी चौकटीची बुटकी घरं, पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या भिंती, बोरूने शाकारलेली जाड छपरं. भिंतीच्या पायथ्याशी, फरसबंदीच्या फटीतून उगवलेली हॉलीहॉकची झाडं छपराला टेकतात. इतक्या कमी मातीत ती कशी तगतात कोण जाणे.

खिडक्या बघत चला. काही खिडक्यांत चिनीमातीच्या कुत्र्यांची जोडी बसलेली दिसेल. खलाशी इंग्लंडहून ते घेऊन येत. लोक सांगतात, धनी समुद्रावर असला की बायको कुत्र्यांची तोंडं बाहेर रस्त्याकडे करायची, आणि घरी आला की आत. अशा गोष्टी कितपत खऱ्या असतात ते सोडा, पण एकदा ऐकल्यावर प्रत्येक खिडकीशी पावलं थबकतात. फक्त एक ध्यानात ठेवा, ही माणसांची राहती घरं आहेत. काचेला नाक लावून फोटो काढू नका. एका पाहुण्याने असंच केलं आणि आतल्या आजोबांनी कॉफीचा कप उंचावून त्याला हात केला. तो बिचारा दिवसभर खजील होता.

गल्ल्या, बंदर आणि एखादं आइसक्रीम मिळून दीड तास धरा.

वाडा आणि टेकडी

ट्रोएन्सेहून किनाऱ्याच्या बाजूने दोनेक किलोमीटर चाललं की वाल्डेमार्स स्लॉट, म्हणजे वाल्डेमारचा वाडा, येतो. राजा चौथा क्रिस्टियान याने आपला मुलगा वाल्डेमार क्रिस्टियान याच्यासाठी तो १६३९ ते १६४४ या काळात बांधला. मुलगा तिथे धड राहिलाच नाही, परदेशातच लढाईत मेला. पुढे १६७७ मध्ये कोगेच्या उपसागरात स्वीडनच्या आरमाराला हरवणाऱ्या नील्स यूल या दर्यासारंगाकडे हे सगळं बेट आलं. वाड्याच्या आत प्रवेश दरवर्षी सारखा नसतो, निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. आत जाता आलं नाही तरी फारसं बिघडत नाही. आवारातलं तळं आणि समुद्राकडचा चहाचा मंडप बाहेरूनच पाहायचे असतात.

इथे वाटा फुटतात. लहान मुलं किंवा थकलेली माणसं बरोबर असतील तर इथूनच हेल्गे पकडून परत जा, दिवस पुरेसा झाला. पायात दम असेल, किंवा स्वेनबोर्गमधून सायकल भाड्याने आणली असेल, तर आत ब्रेग्निंगेकडे वळा. सायकलवाल्यांसाठी नियम : उजवीकडून चालवायचं, थांबण्याआधी हात वर करायचा, आणि फोटोसाठी सायकलपट्टीत उभं राहायचं नाही. बाकी सगळ्या बाबतीत डॅनिश माणूस गप्प बसतो, इथे मात्र ओरडतो.

ब्रेग्निंगेची टेकडी सत्तर-बहात्तर मीटर उंच. आपल्याकडे तिला टेकडी म्हणायलाही कोणी तयार होणार नाही, पण या सपाट देशात तेवढ्यावरून सगळा द्वीपसमूह दिसतो. माथ्यावर मध्ययुगीन चर्च आहे आणि किरकोळ पैसे देऊन त्याच्या मनोऱ्यावर चढता येतं. जिना अरुंद आहे. आईला मी खाली बाकावर बसवलं आणि फोटो काढून आणले. तिथूनही तिला अर्धी बेटं दिसत होतीच.

आणखी तीन-चार किलोमीटर दक्षिणेला लान्नेत गावाच्या चर्चजवळ एल्विरा मादिगानची कबर आहे. खरं नाव हेडविग येन्सन, सर्कशीत दोरीवर चालणारी, एकवीस वर्षांची. स्वीडिश लष्करातला लेफ्टनंट सिक्स्टेन स्पारे तिच्याबरोबर पळाला. पैसे संपल्यावर, जुलै १८८९ मध्ये, याच बेटावरच्या जंगलात त्याने तिला गोळी घातली आणि मग स्वतःला. पुढे यावर गाणी झाली, सिनेमे झाले, आणि अजूनही नव्या नवऱ्या लग्नातला गुच्छ कबरीवर ठेवून जातात. स्वीडनमध्ये स्पारेची बायको आणि दोन मुलं मागे राहिली होती, हे गाण्यात कोणी घेत नाही. मी कबरीपाशी नेते, पण ही गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगत नाही.

परतताना

शक्य असेल तर परत येताना पाण्याने नको, पुलावरून या. स्वेनबोर्गचा पूल १९६६ साली झाला. लांबी १,२२० मीटर, आणि खालून शिडाची जहाजं जावीत म्हणून ३३ मीटर उंच. एरवी बसने दोन मिनिटांत पार होतो. त्या रविवारी आमची बस चुकली, पुढची दीड तासाने होती, आणि आत्या म्हणाली, "चालूया की, केवढं ते." पुलावर पायी चालायला वेगळी पट्टी आहे. मध्यावर वारा असा की बोलणं ऐकू येईना. खाली हेल्गे शेवटच्या फेरीवरून धक्क्याकडे परतत होती, वरून काड्यापेटीएवढी. आत्याने कठड्याला धरून ती बंदरात शिरेपर्यंत पाहिली आणि मगच पाय उचलला. त्यात ओडेन्सेची एक गाडी गेली.

स्वेनबोर्गहून ओडेन्सेच्या गाड्या संध्याकाळी उशिरापर्यंत असतात, पण कोपनहेगनला जाणाऱ्यांनी ओडेन्सेहून पुढची शेवटची सोयीची गाडी सकाळीच बघून ठेवावी. स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमधून रात्रीच्या जेवणाचं काहीतरी उचला. घरी पोचेपर्यंत स्वयंपाकघरात उभं राहण्याची कोणाची तयारी नसते. आणि ब्रुन्सविअर सकाळीच दोन तुकडे जास्तीचा घ्या. दुपारनंतर बेकरीत तो उरत नाही, आणि गाडीत बसल्यावर सगळ्यांना त्याचीच आठवण येते.